उचल खाणाऱ्या दाहाची चाहूल

महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखांच्या भिंतींना दाह होतो, त्या आजारांपैकी ताकायासू आर्टरायटिस हा भारतात अधिक आढळतो. 1908 साली मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांची विचित्र रचना नोंदवली, त्यावरून हे नाव पडले. रुग्ण बहुधा चाळिशीच्या आतल्या स्त्रिया असतात. मनगटाची नाडी लागत नाही, दोन हातांचा रक्तदाब वेगवेगळा भरतो, धुणे-भांडी करताना हात भरून येतो. स्टिरॉइडने दाह बसतो. मात्रा उतरवत नेली की तो अनेकदा पुन्हा उचल खातो.

ही उचल आधी ओळखणे अवघड आहे. ईएसआर आणि सीआरपी या रक्तचाचण्या पुष्कळदा चकवतात. अमेरिकेत 60 रुग्णांचा अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला. त्यात आजार शांत वाटत असताना शस्त्रक्रियेत काढलेल्या धमनीच्या तुकड्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत दाह चालूच होता. तुकडे मोजकेच होते, तरी इशारा पुरेसा होता.

अँजिओग्राफीत वाहिनी किती अरुंद झाली ते दिसते. म्हणजे होऊन गेलेले नुकसान. सोनोग्राफी आणि एमआरआय भिंतीची जाडी दाखवतात, पण जाड भिंतीत विस्तव आहे की नुसती राख, हे त्यावरून नेहमी कळत नाही. पेट स्कॅन तेच शोधतो. दाह करणाऱ्या पेशी साखर जास्त खातात, म्हणून किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेली साखर शिरेतून देतात आणि ती कुठे साठते ते पाहतात.

मेरीलँडमधील संशोधकांनी 2018 साली या चित्राला गुण द्यायची पद्धत मांडली. महाधमनीचे चार भाग आणि पाच शाखा, प्रत्येकाची चमक यकृताशी ताडून शून्य ते तीन गुण, एकूण 27. लक्षणे नसलेल्यांपैकी ज्यांचे गुण 20 किंवा अधिक होते, त्यांच्यापैकी 55 टक्क्यांचा आजार पुढे उलटला. कमी गुणांच्या गटात हे प्रमाण 11 टक्के होते. पाठपुरावा साधारण 15 महिन्यांचा. फरक मोठा आहे, पण चमक दिसूनही 45 टक्के त्या काळात ठीक राहिले, हेही विसरता येत नाही. निव्वळ चित्र पाहून स्टिरॉइड वाढवले, तर त्यांना मधुमेह आणि हाडांची झीज फुकटच पदरी पडेल.

शिवाय चमक फक्त याच दाहाची नसते. क्षयाच्या गाठीही चमकतात, आणि आपल्याकडे ही शंका आधी फेडावी लागते. वाढलेली रक्तशर्करा किंवा चालू स्टिरॉइड चित्र फिके करते.

हे फ्लोरिन-18 सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात तयार करतात. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 साली मुंबईत परळला सुरू झाला. फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मे होते. मुंबईहून लातूरपर्यंतच्या आठ-नऊ तासांच्या रस्त्यात त्याचा विसावा ते तिसावा हिस्साच उरेल. औसा तालुक्यातल्या किल्लारीसारख्या गावातील रुग्णाला म्हणूनच, जिथे ही किरणोत्सारी साखर वेळेत पोचते अशा शहरात जावे लागते. गावाजवळ होण्यासारखे काम वेगळे आहे: दर खेपेला दोन्ही हातांचा रक्तदाब आणि नाडी पाहणे, आणि शंका आल्यास मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी आधीच्या चित्राशी ताडणे. युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या 2018 च्या शिफारशींतही, लक्षणे आणि रक्तचाचण्या दोन्ही शांत असतील तर अशा चित्र-तपासण्या सरसकट करायला सांगितलेले नाही. आजार उलटल्याची शंका आली की त्या उपयोगी पडतात.