मऊ मातीने कलवलं, तिनेच सावरलं

इटलीतला पिसाचा मनोरा म्हातारा झाल्यावर कलला, असा अनेकांचा समज असतो. खरं तर तो बांधकाम चालू असतानाच कलू लागला. 1173 मध्ये काम सुरू झालं. पाया जेमतेम तीन मीटर खोल आणि खाली भुसभुशीत गाळाची माती! तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचताच कल दिसू लागला.

पुढे लढायांमुळे काम जवळपास शंभर वर्षं रखडलं आणि तेच पथ्यावर पडलं. तेवढ्या काळात खालची माती दबून घट्ट झाली. सलग बांधला असता, तर मनोरा तेव्हाच कोसळला असता. नंतरच्या गवंड्यांनी कल झाकण्यासाठी वरच्या मजल्यांची एक बाजू थोडी उंच ठेवली. त्यामुळे मनोरा नुसता तिरका नाही, किंचित वाकडाही आहे.

1990 मध्ये कल साडेपाच अंशांवर गेला, तेव्हा मनोरा पर्यटकांसाठी बंद करावा लागला. उपाय मात्र साधा निघाला. कललेली दक्षिण बाजू उचलण्याऐवजी अभियंत्यांनी उत्तरेकडच्या पायाखालून हळूहळू माती काढली. मनोरा सुमारे 45 सेंटिमीटर मागे सरकला आणि 2001 च्या डिसेंबरमध्ये पुन्हा खुला झाला.

गंमत म्हणजे, या मनोऱ्याने मोठे भूकंपही पचवले आहेत. 2018 मध्ये संशोधकांनी त्याचं श्रेय उंच, ताठ मनोरा आणि मऊ जमीन यांच्या जोडीला दिलं. या जोडीमुळे भूकंपाच्या लाटांशी मनोऱ्याचा ताल जुळत नाही.

आज त्याचा कल साधारण चार अंश आहे.