भुशाच्या नळीतून विमानाच्या पंखाकडे

एमटेकच्या प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेत एअरोस्पेसचा पेपर द्यावा असे मनात असलेली मेकॅनिकलची मुले हमखास विचारतात, आम्ही विमान शिकलोच नाही, मग आम्हाला एमटेक झेपेल का?

जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटलचेच पाहा, तोही म्युनिकला मेकॅनिकलच शिकला होता. न्यूरेंबर्गच्या कारखान्यात त्याच्याकडे काम आले ते लाकडाचा भुसा आणि ढलप्या ओढून घेणारे यंत्र सुधारण्याचे. नळी रुंद होत जाते तिथे हवेचा दाब वाढायला हवा होता. तो वाढेना, कारण हवा भिंत धरून न चालता सुटत होती. ती का सुटते, हा प्रश्न त्याने सोडला नाही. 1904 साली हायडेलबर्गला त्याने उत्तर मांडले. पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर घर्षणाने मंदावतो आणि पुढे चढता दाब आला की उलटा फिरतो. हाच सीमास्तर, मुलांच्या भाषेत बाउंडरी लेअर. पंख समोरून येणाऱ्या हवेशी प्रमाणाबाहेर कलला की विमान स्टॉल होते, म्हणजे लिफ्ट कोसळते, तेही याच कारणाने.

या प्रांटलच्या हाताखाली गॉटिंगेनला डॉक्टरेट केली कोल्हापूरकडच्या हसूरच्या विष्णू माधव घाटगे यांनी. पुढे बंगळूरच्या एचएएल या विमान कारखान्यात त्यांनी रचलेले एचटी-2 हे प्रशिक्षण विमान 1951 साली उडाले. महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत हे नाव क्वचितच कानावर पडते, याचे मला फार वाईट वाटते.

आता परीक्षेकडे वळू. पेपर 100 गुणांचा, 65 प्रश्नांचा. फ्लुइड मेकॅनिक्स, थर्मोडायनामिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स पक्के असेल तर एअरोडायनामिक्स, प्रोपल्शन आणि स्ट्रक्चर्सचा पाया झालेलाच आहे. खरे नवे आहे ते फ्लाइट मेकॅनिक्स. विमानाचा गुरुत्वमध्य न्यूट्रल पॉइंटच्या पुढे का हवा? वाऱ्याच्या झोताने नाक वर गेले की वाढीव लिफ्ट न्यूट्रल पॉइंटवर, म्हणजे गुरुत्वमध्याच्या मागे लागते आणि नाक आपोआप खाली येते. एवढे चित्र डोळ्यांसमोर उभे राहिले की स्थिरतेची समीकरणे पाठ करावी लागत नाहीत. क्लासवाल्यांच्या सूत्रांच्या पुस्तिका मला म्हणूनच घातक वाटतात. ज्या प्रश्नांत आकडा स्वतः टाइप करायचा असतो, तिथे पर्यायांचा टेकू नसतो. सूत्र कुठल्या गृहीतकावर उभे आहे हे माहीत नसलेला मुलगा तिथेच अडकतो.

गेटचा स्कोअर तीन वर्षे चालतो, तेव्हा घाई नको. जॉन अँडरसनचे एअरोडायनामिक्सचे पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीत शोधा. एनपीटीईएलवरची आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट आहेत, ती ऐका. पहिला महिना मॉक टेस्टला हात लावू नका. कोरा कागद घ्या आणि न्यूटनच्या दुसऱ्या नियमापासून बर्नूलीचे समीकरण स्वतःच्या हाताने काढून पाहा.