अमेरिकेंतील सरकारी खोळंबा व संस्थानांचा आधार

सरकारचें काम पैशावांचून बंद पडतें, हें आमच्या वाचकांस विचित्र वाटेल. आपल्याकडे अंदाजपत्रकास विलंब झाल्यास लोकसभा लेखानुदान देऊन कारभार चालू ठेवते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र काँग्रेस नांवाच्या कायदेमंडळानें मंजुरी दिल्यावांचून खजिन्यांतून पैसा काढतां येत नाहीं. शिवाय, जीवित व मालमत्ता यांच्या रक्षणाचे आणीबाणीचे प्रसंग वगळतां, सरकारनें कोणाकडून फुकट सेवाही घेऊं नये, असा १८८४ सालचा कायदा आहे. १९८० व १९८१ सालीं अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनीं ह्या नियमांचा कडक अर्थ लावला व तेव्हांपासून मंजुरी अडली कीं कचेऱ्यांस कुलुपें लागूं लागलीं.

त्यांत नोकरांचे दोन वर्ग पडतात. एकांस सक्तीची बिनपगारी रजा मिळते. दुसऱ्यांस, उदाहरणार्थ विमानतळावरील तपासनिसांस, कामावर यावें लागतें, पण पगार मात्र मिळत नाहीं! २२ डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस अशी स्थिति होती व सुमारें ८ लक्ष नोकर तींत सांपडले. पुढें १ ऑक्टोबर २०२५ पासून ती ४३ दिवस टिकली. थकलेला पगार मागाहून देण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यानें झाली आहे खरी. परंतु घरमालक व वाणी तितके दिवस थांबतात थोडेच?

येथेंच संस्थानांचें साह्य उपयोगीं पडतें. मध्यवर्ती सरकारच्या नोकरांसही बेकारभत्ता संस्थानाच्याच कचेरींतून मिळतो. रजेवर बसविलेल्यांस तो मागतां येतो; मात्र मागील पगार हातीं आल्यावर भत्ता परत करावा लागतो. जे बिनपगारी राबतात, ते बेकार नव्हेत म्हणून त्यांस भत्ता नाहीं, असें मध्यवर्ती मजूरखात्यानें २०१९ मध्यें ठरविलें. हा न्याय आम्हांस तरी उफराटा वाटतो. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनीं त्याच वेळीं, आपण अशांसही भत्ता देऊं, असें जाहीर केलें. मेरीलँडनें २०२५ मध्यें ह्या वर्गास ७०० डॉलरांचें बिनव्याजी कर्ज देऊं केलें. कनेक्टिकटनें जानेवारी २०१९ मध्येंच कायदा करून बँकांकडून बिनव्याजी कर्जें देवविलीं व त्यांस स्वतः जामीन राहिलें.

आमच्या मतें सर्वांत विचारपूर्वक योजना व्हर्जिनियाची होय. तिजोरींतून फारसें कांहीं न देतां तिनें नोकरास मुदत दिली. खोळंबा १४ दिवस वा अधिक चालल्यास, भाडें थकल्यामुळें घराबाहेर काढण्याचा दावा झालेल्या भाडेकऱ्यास, पगार बंद असल्याचा लेखी पुरावा दिल्यास, ६० दिवसांची तहकुबी मिळते. ज्याचें स्वतःचें घर गहाण आहे, त्याच्या घराची जप्ती ३० दिवस थांबते. भाडें माफ होत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. कंत्राटदाराकडील झाडूवाले व पहारेकरी यांस मागील पगाराचा कायदा मुळींच लागू नाहीं. व्हर्जिनियाच्या कायद्यांत मात्र सरकारी कंत्राट असलेल्या कंपन्यांच्या नोकरांचाही समावेश स्पष्ट शब्दांत केलेला आहे.