बैजिक भूमितीतील वक्रांचा शंकू

द्विपरिमेय भूमितीत एखाद्या व्हरायटीवर कोणते वक्र आहेत, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो. छेदसंख्यांच्या दृष्टीने समान वक्र एकच मानून त्यांच्या धन गुणकांसह बेरजा घेतल्या व सीमाबिंदू मिळविले, की एक बंदिस्त शंकू सिद्ध होतो. शंकू म्हटले की गोल आकार डोळ्यांपुढे येतो. हा मात्र पुष्कळदा पिरॅमिडसारखा पैलूदार असतो. गुळगुळीत व्हरायटीच्या बाबतीत, कॅनॉनिकल डिव्हायझरशी छेदसंख्या जेथे ऋण येते त्या बाजूला शंकूच्या कडा सुट्या सुट्या असतात व प्रत्येक कडेवर परिमेय वक्र असतो, असे शिगेफुमी मोरी यांनी १९८२ साली सिद्ध केले.

गुळगुळीत त्रिघाती पृष्ठाच्या शंकूला नेमक्या २७ कडा आहेत. केली व सॅल्मन यांनी १८४९ मध्ये शोधलेल्या २७ रेषा त्या याच. परंतु केवळ एवढेच उदाहरण शिकविल्यास ‘ऋण बाजू’ ही अट निरर्थक वाटते. प्रतलातील नऊ सर्वसाधारण बिंदूंचा ब्लो-अप घेतल्यास कडा अनंत होतात आणि छेदसंख्या शून्य असलेल्या एका किरणाभोवती दाटत जातात. ऋण बाजूच्या आत मात्र त्या कोठेही दाटत नाहीत.