हजार मजल्यांचें शहर

आपल्या घरांतील सोळा-सतरा वर्षांचीं मुलें हल्लीं ज्या इंग्रजी कादंबऱ्या आवडीनें वाचतात, त्यांपैकीं एकीचा परिचय आज करून द्यावयाचा आहे. कॅथरिन मॅगी या अमेरिकन लेखिकेची ‘द थाउझंडथ फ्लोअर’, म्हणजे हजारावा मजला, ही ती कादंबरी. ती २०१६ सालीं प्रसिद्ध झाली आणि पुढील दोन वर्षांत तिचे आणखी दोन भाग निघाले.

कथेचा काळ इ. स. २११८ चा. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर हजार मजल्यांचा एक मनोरा उभा आहे. ती नुसती इमारत नव्हे, शहरच आहे; घरें, शाळा, दुकानें, बागा, सर्व कांहीं आंत. माणसाचा मजला कळला कीं त्याची ऐपत कळली. अगदीं शिखरावर एव्हरी ही मुलगी राहते. तिचें रूप आईबापांनीं जननशास्त्राच्या साह्यानें जन्मापूर्वींच ठरवून घेतलेलें आहे. बत्तिसाव्या मजल्यावरील रायलिन ही पोरकी मुलगी धाकट्या बहिणीला सांभाळते आणि वर एका श्रीमंत मुलाच्या घरीं मोलकरणीचें काम करते. आरंभींच कोणी एक मुलगी शिखरावरून कोसळते. ती कोण, हें सांगून वाचकांचा विरस करणें बरें नव्हे.

धनिक वर आणि कष्टकरी खालीं, ही कल्पना नवी नाहीं. १९२७ सालच्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटांत ती होतीच. पण तेथें खालचे लोक बंड करून उठतात. या मनोऱ्यांत ज्याला त्याला वर चढावयाचें असतें, एवढेंच. म्हणूनच एरिस या मुलीला एका कौटुंबिक गुपितामुळें खालच्या मजल्यावर राहावयास जावें लागतें, तो भाग मला सर्वांत खरा वाटला. मुलगी तीच, बदलला तो दारावरचा आंकडा!

जालना जिल्ह्यांत राहणाऱ्या वाचकाला मात्र एक शंका आल्यावांचून राहत नाहीं: हजाराव्या मजल्यावर पाणी चढतें कसें? मजल्याची उंची दहा फूट धरली तर मनोरा दहा हजार फुटांचा, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट झाला. तेवढ्या उंचीवर हजार लिटर पाणी नेण्यास, पंपांतील नुकसान सोडून दिलें तरी, आठ युनिटांहून अधिक वीज लागेल. इतक्या खर्चाचें पाणी आधीं कोणाच्या घरीं जाईल? २०१२-१३ च्या दुष्काळांत आपल्याकडे टँकर विकत घेणारे आणि घागरी घेऊन रांगेंत उभे राहणारे असे दोन मजले सपाट जमिनीवरच तयार झाले होते. कादंबरीचें लक्ष या बाजूकडे फारसें नाहीं; तिला प्रेमप्रकरणें आणि मेजवान्या अधिक प्रिय.

तरी पुस्तक मुलांच्या हातून काढून घेण्याचें कारण नाहीं. मद्याचे व अमली पदार्थांचे उल्लेख आहेत, तेव्हां फार लहानांना देऊं नये, इतकेंच. जोडीला डॉ. जयंत नारळीकरांचें ‘वामन परत न आला’ अवश्य द्यावें. यंत्राच्या मोहाची किंमत शेवटीं कोणाला मोजावी लागते, हा विचार तेथें आहे. आणि बत्तिसाव्या मजल्यावर नळ किती वेळ चालत असेल, हें रायलिनच्या प्रकरणांतून ताडून सांगा, असें मुलांना एकदां विचारून पाहावें.