डिकीवरचं बदकाचं शेपूट

कोहमाऱ्याला माझं रेडियमचं दुकान आहे. समोरून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो, नागपूरहून रायपूरकडे. गाड्यांचं मागचं अंग बघणं हाच आपला धंदा.

मागच्या महिन्यात एक पोरगा पांढरी डिझायर घेऊन आला. "भाऊ, डिकीवर मोठा स्पॉयलर लावून द्या. मागून पोर्शेवानी दिसली पाह्यजे."

"लावतो जी. पण पोर्शेले ते काऊन असते, मालूम आहे का?"

तो गप्प. मग चहा मागवला आणि सांगत बसलो.

धावत्या गाडीच्या उतरत्या पाठीवरून वारा वेगाने सरकतो. तिथला दाब कमी होतो आणि गाडीचं बूड उचलल्यासारखं होतं. ताशी ६० किलोमीटरला हे कळतही नाही. पण वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. २४० ला तो सोळापट. पोर्शेने १९७२ साली दाखवलेली ९११ कॅरेरा आरएस २.७ ताशी २४५ पर्यंत जायची. तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, आणि गाडी ढकलायचं कामही त्याच चाकांचं. तीच हलकी पडली तर वळणावर गाडी हातची गेली! म्हणून इंजिनाच्या झाकणाची शेवटची कड वर वळवली. तिला नाव पडलं बदकाचं शेपूट. हिवाळ्यात नवेगावबांधच्या तलावावर बदकं पाहिलेल्या माणसाला ते नाव समजवावं लागत नाही.

ही कड वाऱ्याची वाट मोडते. तिला म्हणायचं स्पॉयलर. खांबांवर उभी असते ती विंग, म्हणजे विमानाचा पंख उलटा करून लावलेला. ती गाडीला खाली दाबते. बंपरखाली उभ्या पट्ट्यांचा, वर चढत जाणारा भाग दिसतो तो डिफ्युझर. गाडीच्या पोटाखालून सुसाट आलेला वारा तिथे पसरत बाहेर पडतो, त्यामुळे पोटाखालचा दाब कमी राहतो आणि गाडी रस्त्याला चिकटून धावते.

"आता तुझी गाडी पाहा," मी म्हटलं. "डिझायरले ओढतात पुढची चाकं. मागे विंग ठोकून वजन मागच्या चाकांवर टाकशील, तर फायदा कोणाले? वरून काचेतला तिसरा ब्रेकलाइट झाकून जाईल."

हे त्याला पटलं. शेवटी डिकीच्या कडेला बसणारी बारकी पट्टी घेतली. डिकी स्पिरिटने पुसली, डबल टेप लावला, पट्टी दाबून बसवली. जाता जाता बंपरच्या दोन्ही टोकांना लाल रेडियम मी आपल्याकडून चिकटवलं. धानाच्या हंगामात या रस्त्यावर बिनदिव्याच्या ट्रॉल्या अंधारात किती जवळ आल्यावर दिसतात, ते मी रोज बघतो.

तोवर सांज झाली होती. पोराने वीसेक पावलं मागे जाऊन मोबाइलचा टॉर्च मारला. दोन्ही पट्ट्या लालभडक चमकल्या.

"पोर्शेवानी नाही दिसत जी," तो हसला, "पण दुरून दिसते मात्र."