फुप्फुसातली बुरशी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

2021 च्या उन्हाळ्यात संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, घाटी रुग्णालयात म्युकरमायकोसिसचे रुग्ण येऊ लागले आणि ‘काळी बुरशी’ घरोघरी चर्चेत आली. ॲम्फोटेरिसिन-बी इंजेक्शनसाठी नातेवाइकांची वणवण झाली. ती लाट ओसरली, पण अर्धवट माहिती अजून टिकून आहे.

गैरसमज : काळी बुरशी रुग्णाजवळ बसल्याने लागते.

वस्तुस्थिती : हा आजार एकाकडून दुसऱ्याला होत नाही. मुळात ही बुरशीही काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते आणि मेलेला भाग काळा पडतो. बेताल मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर ही तिची मुख्य कारणे. तिचा मारा बहुतेकदा नाक, सायनस, डोळ्यांवर झाला. फुप्फुसालाही ती गाठते.

गैरसमज : स्वच्छ घरात राहणाऱ्याच्या फुप्फुसात बुरशी जात नाही.

वस्तुस्थिती : ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचे. जाधववाडीच्या मोंढ्यातला हमाल असो की बंगल्यात राहणारा, प्रत्येक जण ते रोज श्वासावाटे घेतोच. निरोगी शरीर त्यांचा निकाल लावते. मात्र काही दमेकऱ्यांना त्यांचीच ॲलर्जी होते आणि दमा आटोक्यात येत नाही.

गैरसमज : टीबी बरा झाल्यावर थुंकीतून रक्त आले, म्हणजे टीबी उलटला.

वस्तुस्थिती : टीबी उलटू शकतो, म्हणून थुंकी तपासायलाच हवी. पण टीबी बरा झाला तरी त्याने फुप्फुसात पाडलेली पोकळी अनेकदा तशीच राहते आणि तिथे ॲस्परजिलस मुक्काम ठोकते. कधी तिचा गोळाच तयार होतो. 1960 च्या दशकात ब्रिटनमध्ये अशी पोकळी उरलेल्या 544 जणांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे 25 टक्क्यांच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली. खोकला, घटते वजन, थकवा, थुंकीतून रक्त ही सारी लक्षणे टीबीसारखीच. म्हणून थुंकीत जंतू न सापडताही टीबीची औषधे पुन्हा सुरू होतात आणि आजार आत वाढत राहतो. अशा वेळी सीटी स्कॅन आणि ॲस्परजिलस आयजीजी ही रक्ततपासणी करण्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे.

गैरसमज : भारी अँटिबायोटिक घेतले की बुरशी जाते.

वस्तुस्थिती : अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, बुरशीवर नाही. टीबीनंतरच्या या आजारात इट्राकोनॅझोलसारखे बुरशीविरोधी औषध किमान सहा महिने घ्यावे लागते. टीबीच्या औषधांतले रिफाम्पिसिन त्याचा परिणाम फार कमी करते, त्यामुळे आधी कोणती औषधे चालू आहेत, हे डॉक्टरांना सांगणे अत्यावश्यक आहे. गोळा एकाच जागी असेल आणि रुग्णाची ताकद असेल, तर शस्त्रक्रियेने तो काढता येतो.